केस अडकलेली असताना ओसीआरच्या नव्या प्रमुखावरून भांडावं का?

(हे उत्तर जून २०२५ मधलं आहे, त्यातलं आता आणि आज तेव्हाचं धरा; ज्या नेमणुकीबद्दल ते आहे ती सिनेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली.) ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण वरून एकच प्रश्न दिसतो पण आत तीन गुंतलेत. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. न्यू जर्सीतलं कुटुंब, मुलगा चौथीत, त्याला टाइप वन डायबिटीस. शाळा म्हणते फील्ड ट्रिपला आई किंवा बाबा सोबत आले तरच नेऊ, आणि शाळा सुटल्यावरच्या चेस क्लबला नर्स नसते म्हणून क्लबचं नावच नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये यांनी फेडरल शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे, म्हणजे ओसीआरकडे तक्रार केली, जानेवारीत केस उघडल्याचं पत्र आलं, आणि मार्चमध्ये ओसीआरचं न्यूयॉर्क ऑफिसच बंद झालं. आता त्या ओसीआरच्या प्रमुखपदासाठी किंबर्ली रिची यांचं नाव राष्ट्राध्यक्षांनी दिलंय, ५ जूनला सिनेटच्या कमिटीपुढे त्यांची सुनावणी झाली, आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक दादा पाठिंब्याचं तयार पत्र फिरवतायत, कारण त्यांच्या मते हे प्रशासन अ‍ॅडमिशनमध्ये मेरिटच्या बाजूने आहे. एक ताई विरोधाचं पत्र फिरवतायत, कारण निम्मं ऑफिस ज्यांनी रिकामं केलं त्यांचीच ही उमेदवार. तुम्ही विचारताय की कुठल्या पत्रावर सही करू, या बाई आल्या तर माझ्या मुलाच्या केसचं काही होईल का, आणि आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत तर आम्ही बोलावं तरी का.

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकते. ११ वर्षं एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ५०४ कोऑर्डिनेटर होते (५०४ हे अपंग मुलांच्या हक्काचं कलम, ते शाळांत पाळलं जातं का ते बघणारी), म्हणजे ओसीआरचं पत्र आलं की ज्या बाईच्या पोटात गोळा यायचा ती मी. गेली ८ वर्षं शाळेच्या मीटिंगांना (कोर्टात नव्हे) पालकांच्या बाजूने अ‍ॅडव्होकेट म्हणून बसते, तेव्हा दोन्ही बाजूंची फाईल आतून बघितलेली आहे. त्या अनुभवावरून माझं मत असं की दोन्ही पत्रांवर सही करू नका, तुमचं स्वतःचं चार ओळींचं पत्र लिहा, त्यात एकच प्रश्न विचारा, आणि मुलाच्या फील्ड ट्रिपचा सोक्षमोक्ष या नेमणुकीवर अजिबात सोडू नका. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, हे पद आहे काय. असिस्टंट सेक्रेटरी फॉर सिव्हिल राइट्स. (आपल्याकडे नॉमिनी म्हटलं की एलआयसीचा फॉर्म डोळ्यापुढे येतो, पण इथे नॉमिनी म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेलं आणि सिनेटने मंजूर करायचं नाव.) १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सिक्स म्हणजे वंश, रंग, मूळ देश, १९७२ चं टायटल नाइन म्हणजे लिंग, आणि १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टचं सेक्शन ५०४ म्हणजे अपंगत्व, हे तीन मोठे कायदे, शिवाय वयाबद्दलचा एक आणि सरकारी शाळांना लागू असलेला एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा. फेडरल पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत हे पाळले जातात का ते ओसीआर बघतं. तुमच्या मुलाची केस ५०४ ची. डायबिटीसला अपंगत्व म्हणायला आपल्या लोकांची जीभ अडखळते हे मला माहितीये, माझ्याकडे येणारे निम्मे मराठी आईबाबा पहिल्या मीटिंगला हेच म्हणतात की आमचा मुलगा अपंग नाहीये हो, पण कायद्याचा शब्द आहे तो, त्याला लाजू नका, त्याच शब्दावर त्याचा हक्क उभा आहे.

आता खुर्चीत कोण बसतं याने फरक पडतो का, तर पडतो, आणि याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ५०४ चंच आहे. कायदा झाला १९७३ मध्ये, पण त्याची नियमावली साडेतीन वर्षं सहीविना पडून होती. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये अपंग लोक, त्यातले कित्येक व्हीलचेअरवरचे, सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल बिल्डिंगमध्ये शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथेच ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे २८ एप्रिलला तेव्हाच्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे सेक्रेटरी जोसेफ कॅलिफॅनो यांनी सही केली. क्लब, ट्रिप, खेळ यांतही अपंग मुलाला बाकीच्यांसारखीच संधी द्या हे त्याच नियमावलीत आहे. म्हणजे तुमच्या चेस क्लबचं मूळ त्या सहीत आहे. तेव्हा कोणीही आलं तरी काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्या तुमच्या मिस्टरांशी मी सहमत नाही.

पण फरक नेमका कुठे पडतो ते बघा, कारण ग्रुपवरचं भांडण भलत्याच ठिकाणी चाललंय.

प्रमुखाच्या हातात काय असतं? एक म्हणजे वरून कुठल्या केसेस स्वतःहून उघडायच्या. दुसरं म्हणजे शाळांना जाणारी ती पत्रं, ज्यांत खातं सांगतं की आम्ही कायदा असा वाचतो. आणि तिसरं, ज्याकडे कुणी बघत नाही, केस हाताळायचं मॅन्युअल. कुठली तक्रार घ्यायची, कुठली पहिल्याच दिवशी बंद करायची, अपील द्यायचं की नाही, हे सगळं त्यात असतं. जुनी केस पुन्हा उघडायची ताकदही तिथेच. आपल्या न्यू जर्सीतलीच गोष्ट, रटगर्स युनिव्हर्सिटीविरुद्ध ज्यू विद्यार्थ्यांच्या बाजूने २०११ मध्ये तक्रार झाली होती, ती २०१४ मध्ये बंद झाली, आणि २०१८ मध्ये केनेथ मार्कस प्रमुख झाल्यावर दोनेक महिन्यांत त्यांनी ती परत उघडली. एका माणसाच्या सहीने चार वर्षं मेलेली केस जिवंत झाली. कुणाला ते योग्य वाटलं, कुणाला नाही, मी फक्त ताकद किती ते सांगतेय.

याच मार्कसबद्दल अजून एक, कारण ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की आपल्याला त्याचं काय. टायटल सिक्समध्ये धर्म हा शब्दच नाहीये. त्यामुळे फक्त धर्मावरून त्रास दिला तर ओसीआरचे हात बांधलेले. पण २००४ मध्ये, मार्कस पहिल्यांदा तिथे काम बघत असताना, खात्याने पत्र काढलं की शीख, ज्यू, मुस्लिम अशा विद्यार्थ्यांना त्यांच्या वंशामुळे, दिसण्यामुळे त्रास होत असेल तर तो टायटल सिक्समध्ये येतो, धर्म सारखा आहे म्हणून संरक्षण नाकारता येणार नाही. ते धोरण पुढे दोन्ही पक्षांच्या सरकारांनी चालवलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये बायडेन यांच्या काळात जे पत्रक निघालं त्यात हिंदू विद्यार्थ्यांचं नावही आलं. म्हणजे आपल्या पोराला डब्यावरून, टिळ्यावरून, आडनावावरून चिडवलं तर जी पायरी आज आहे ती रिपब्लिकन माणसाने घातली आणि डेमोक्रॅट लोकांनी रुंद केली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ग्रुपवर सगळे पक्षाची टोपी बघून बोलतायत.

टोपी बघून किती फसायला होतं त्याचं माझ्या कामातलं उदाहरण देते. मार्च २०१८ मध्ये मॅन्युअल बदललं. एक माणूस खूप शाळांविरुद्ध एकसारख्या तक्रारी करत असेल तर त्या बंद करता येतील अशी तरतूद आली, आणि अपीलच काढून टाकलं. कारण अगदीच पोकळ नव्हतं, एकेक जण वर्षाला हजारो तक्रारी पाठवत होता आणि त्याच्या ढिगाखाली बाकीच्यांच्या फायली दबत होत्या. पण त्याच झटक्यात शाळांच्या वेबसाइट अंध लोकांना वाचता येत नाहीत अशा शेकडो खऱ्या तक्रारी उडाल्या. माझ्याकडची एक आई, मुलाला वाचनाचा त्रास, तिची तक्रार चुकीच्या कारणाने बंद झाल्याचं पत्र आलं आणि खाली नेहमी असायचा तो अपीलचा परिच्छेदच नव्हता. मी पत्र उलटून मागची बाजू बघितली, म्हटलं छापायचा राहिला असेल. अपंगांसाठी काम करणाऱ्या संघटना आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी यांनी मे अखेर कोर्टात दावा लावला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ओसीआरने ते कलम काढलं, अपील परत आणलं. आता गंमत बघा, मार्चचा बदल झाला तेव्हा खुर्चीत सिनेटने मंजूर केलेलं कुणी नव्हतंच, हंगामी प्रमुख होत्या. मार्कस जून २०१८ मध्ये ५० विरुद्ध ४६ मतांनी मंजूर झाले आणि नोव्हेंबरची माघार त्यांच्या काळात झाली. प्रशासन तेच. अपील घालवलं हंगामीने, परत आणलं त्याच पक्षाच्या मंजूर झालेल्या माणसाने, तेही दाव्याचा दट्ट्या बसल्यावर.

आणि त्यांच्या नावावर सिनेटमध्ये वाद कशावर झाला होता? कॅम्पसवरचे लैंगिक अत्याचार, इस्राएल, आधीच्या संस्थेतलं त्यांचं काम. पुढे २०२१ मध्ये कॅथरीन लॅमन यांचं नाव बायडेन यांनी दुसऱ्यांदा दिलं, ओबामांच्या काळात त्या याच पदावर होत्या, तेव्हा वाद झाला टायटल नाइनवर आणि त्यांच्या एका जुन्या ट्वीटवर. कमिटीत ११-११, सिनेटमध्ये ५०-५०, शेवटी ऑक्टोबरमध्ये उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी येऊन एक मत टाकलं तेव्हा मंजुरी. हे विषय महत्त्वाचे नाहीत असं नाही, आरोप झालेला मुलगा आणि तक्रार करणारी मुलगी दोघांनाही न्याय मिळायला हवा, त्यावर तासन्‌तास बोललं पाहिजे. पण शाळांमधून येणाऱ्या रोजच्या तक्रारी बघितल्या तर अपंगत्वाच्या केसेसचा वाटा कायमच मोठा असतो, आणि त्या पालकाला एवढंच जाणून घ्यायचं असतं की माझी फाईल कुणाच्या टेबलावर आहे आणि ते टेबल भरायला माणूस आहे का. हा प्रश्न कुठल्याच सुनावणीत धड रंगत नाही, कारण त्यावर टीव्हीची क्लिप होत नाही.

या वेळी मात्र तोच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात ओसीआरकडे २२,६८७ तक्रारी आल्या, तोवरचा उच्चांक. आणि ११ मार्च २०२५ ला खात्याने कर्मचारी कपात जाहीर केली त्यात १२ पैकी ७ प्रादेशिक ऑफिसं बंद झाली, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन, शिकागो, क्लीव्हलँड, डॅलस, सॅन फ्रान्सिस्को, आणि ओसीआरची साधारण निम्मी माणसं गेली. वर २०२६ च्या आर्थिक वर्षाच्या बजेटमध्ये ओसीआरसाठी १४ कोटी डॉलरवरून ९.१ कोटींवर यायचा प्रस्ताव होता. २० मार्चला तर शिक्षण खातंच गुंडाळायच्या दिशेने पावलं टाका असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. इकडे बॉस्टनच्या फेडरल कोर्टाने जून २०२५ मध्ये ओसीआरची माणसं परत कामावर घ्या म्हणून आदेश दिला, पण त्यावर वरच्या कोर्टात काय होईल यावर तेव्हा कुणी पैज लावू नये अशी स्थिती होती.

हे सगळं कुणी केलं? रिची यांनी नाही, त्या खुर्चीत तेव्हा बसल्याच नव्हत्या. जानेवारी २०२५ पासून हंगामी प्रमुख क्रेग ट्रेनर काम बघत होते. शाळांना वंशाशी संबंधित कार्यक्रम बंद करा नाहीतर पैसे जातील असं सांगणारं १४ फेब्रुवारीचं पत्र त्यांच्याच सहीचं, आणि एप्रिलमध्ये कोर्टांनी ते अडवलंसुद्धा. म्हणजे मोठमोठे निर्णय होऊन गेले आणि आता नावावर चर्चा चाललीय, वरातीमागून घोडं. ज्याला सिनेट प्रश्न विचारतं त्याच्या आधी ज्याला कुणीच प्रश्न विचारत नाही तो माणूस घर बदलून जातो. हे फक्त आत्ताचं नाही, वर २०१८ चं सांगितलंच, पण या वेळचा आवाका फार मोठा आहे.

आता रिची यांच्याबद्दल माझं मत विचारलंत म्हणून. त्या बाहेरच्या नाहीत. ऑगस्ट २०२० पासून जानेवारी २०२१ पर्यंत त्या याच ओसीआरच्या हंगामी प्रमुख होत्या, त्याआधी खात्याच्या स्पेशल एज्युकेशनच्या विभागात होत्या, आणि या नेमणुकीसाठी फ्लोरिडाच्या शिक्षण खात्यातून आल्या. म्हणजे ५०४ प्लॅन (अपंग मुलाला शाळेत कुठल्या सोयी द्यायच्या त्याचा लेखी कागद) कशाशी खातात हे त्यांना शिकवावं लागणार नाही, आणि माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही, या खुर्चीत बसलेल्या लोकांना स्पेशल एज्युकेशनची फाईल आतून माहीत असतेच असं नाही. त्याच वेळी त्यांना निम्मं घर मिळणारे, आणि वरून कुठल्या विषयाच्या केसेस आधी घ्यायच्या याचा दबाव असणारे. चांगला स्वयंपाकी आणला तरी दोन शेगड्यांवर ४०० पानांचं जेवण होत नाही. म्हणून त्या चांगल्या की वाईट या वादात मला रस नाही. त्यांनी लेखी काय कबूल केलंय, त्यात आहे.

इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सुनावणी संपली तरी सिनेटर लेखी प्रश्न पाठवू शकतात आणि उमेदवाराला त्यांची लेखी उत्तरं द्यावी लागतात. ती उत्तरं बहुतेक वेळा गुळगुळीत असतात, मान्य. पण एखाद्या उत्तरात जर लिहिलं असेल की अमुक मुदतीत केसेस हाताळायला माझी बांधिलकी आहे, तर वर्षभराने त्याच कमिटीपुढे ते कागद काढून वाचता येतात. मंजुरी अडणं कठीण आहे, २०१३ पासून अशा पदांना साधं बहुमत पुरतं आणि जून २०२५ मध्ये १०० पैकी ५३ सिनेटर रिपब्लिकन आहेत. त्यामुळे पाठिंब्याचं पत्र उघड्या दारावर धक्का आणि विरोधाचं पत्र भिंतीवर. प्रश्नाचं पत्र मात्र कुणीतरी वाचतं, कारण सिनेटरच्या स्टाफलाही चांगला प्रश्न हवाच असतो, आणि आपले न्यू जर्सीचे सिनेटर अँडी किम त्याच कमिटीवर आहेत, हे तुमच्या ग्रुपवर एकालाही माहीत नव्हतं बहुतेक.

काय लिहायचं? तयार मजकूर मी देणार नाही, तयार मजकूर स्टाफला लांबून ओळखू येतो. तुमचं गाव, मुलाचं वय, डायबिटीस, ट्रिप आणि क्लब, तक्रारीची तारीख, ऑफिस बंद झाल्याची तारीख, आणि मग प्रश्न: बंद झालेल्या सात ऑफिसांतल्या चालू केसेस कुणाकडे गेल्या, प्रत्येक पालकाला नव्या तपासनिसाचं नाव किती दिवसांत कळवणार, आणि वरून उघडलेल्या केसेससाठी माणसं वळवताना साध्या पालकांच्या केसेससाठी किती माणसं राखणार. बस. मेरिटवाले दादाही यावर सही करू शकतात बरं का, कारण त्यांच्या बाजूच्या तक्रारीही त्याच रांगेत उभ्या आहेत. मी त्यांना कमी लेखत नाहीये, व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसन हायस्कूलच्या प्रवेशाचा वाद आपल्या लोकांनी किती मनाला लावून घेतला ते मला माहीत आहे, पण त्यांनाही तपासनीस लागणारच ना.

नागरिक नसण्याचं म्हणाल तर सिनेटर मतदाराचा नसतो, राज्यात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो. एच-वन वर असलेल्या कितीतरी जणांनी पत्रं लिहिली आहेत, फोन केले आहेत, कुणीही पासपोर्ट मागत नाही. ओसीआरच्या तक्रारीतही इमिग्रेशन विचारत नाहीत. तरी सध्याच्या वातावरणात धाकधूक वाटते हे मी समजू शकते, आणि तुम्ही नाही लिहिलंत तरी माझ्या मनात काही येणार नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, यात मी आग्रह करत नाही.

पत्रापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सिनेटरच्या किंवा तुमच्या काँग्रेसमनच्या स्थानिक ऑफिसात केसवर्क नावाचा विभाग असतो, फेडरल ऑफिसात अडकलेल्या फायलींची चौकशी करणं हेच त्यांचं काम. प्रायव्हसी रिलीजचा एक पानाचा फॉर्म भरून द्यायचा, मग ते तुमच्या वतीने ओसीआरला लिहितात. व्हिसा आणि पासपोर्टसाठी आपले लोक हे सर्रास करतात, शाळेच्या केससाठीही करता येतं हे सुचत नाही. एकदा पत्र गेलं म्हणजे काम झालं असं नाही, पण फाईल कुणाकडे आहे एवढं तरी कळायची शक्यता वाढते.

आता मुलाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात शेवटची ओळ होती की सप्टेंबरमध्ये परत ट्रिप आहे.

डिस्ट्रिक्टच्या बाजूने बसून मी एक गोष्ट शिकले. ओसीआर भरपाईचे पैसे देत नाही. फेडरल निधी बंद करायची धमकी कागदावर आहे पण साध्या शाळेच्या केसमध्ये ती वेळ येत नाही. मग शाळा घाबरते कशाला? डेटा रिक्वेस्टला. मला आलेलं पहिलं पत्र अजून आठवतं, तेवीस मुद्दे, तीन वर्षांच्या सगळ्या ५०४ प्लॅनच्या प्रती, सगळ्या ट्रिपच्या याद्या, नर्सचं वेळापत्रक, कुणाकुणाच्या पालकांना सोबत बोलावलं त्याचे ईमेल, आणि हे सगळं पंधरा दिवसांत. मी आणि एक क्लार्क, आम्ही कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर गठ्ठे लावत बसलो होतो, चौथ्या दिवशी सुपरिंटेंडंट दारात उभे राहिले, गठ्ठ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, एका नर्सला दिवसाला काय द्यावं लागतं? हिशोब केला तर दहा ट्रिपांची नर्स त्या गठ्ठ्यांपेक्षा स्वस्त होती. आम्ही निष्कर्ष यायच्या आधीच समझोत्याची तयारी दाखवली. कायदा आमच्या बाजूने नव्हताच, पण तो आदल्या वर्षीही नव्हता, हललो आम्ही त्या तेवीस मुद्द्यांमुळे.

म्हणून तपासनीस कमी झाले की फक्त तुमची केस रेंगाळत नाही, पत्र येणार नाही हे शाळांनाही कळतं, आणि ज्या शाळा नुसत्या पत्राच्या भीतीने नीट वागायच्या त्या ढिल्या पडतात. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याचीच आहे.

पण ओसीआर हा एकच दरवाजा कधीच नव्हता. आधी शाळेला लेखी ५०४ मीटिंग मागा, आत्ता, उन्हाळ्यातच, आणि डायबिटीसच्या डॉक्टरांकडून सही केलेला मेडिकल मॅनेजमेंट प्लॅन सोबत जोडा, त्यात ट्रिप आणि शाळेनंतरचा वेळ असे दोन्ही शब्द लिहायला सांगा. पालक आले तरच नेऊ ही अट शाळेला लेखी द्यायला लावा, तोंडी सांगताना सगळे धीट असतात, ईमेलवर लिहायची वेळ आली की निम्म्या शाळा तिथेच मऊ होतात. डिस्ट्रिक्टची स्वतःची ५०४ ची तक्रार प्रक्रिया असते, ती वापरा. राज्याचं डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स आहे, न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा तसा जोरकस आहे, फक्त तिथेही घटनेपासून १८० दिवसांत जावं लागतं, ओसीआरसारखंच. जुनी ट्रिप त्या मुदतीबाहेर गेली असली तरी नव्याने नकार आला तर तो नवा प्रसंग धरता येतो का, हे वकिलाला विचारा, तिथे मी अधिकाराने बोलू शकत नाही. आणि ट्रिपच्या बसमध्ये कुणी त्याच्या पंपावरून, सेन्सरवरून चिडवलं तर तो वेगळा मामला, न्यू जर्सीच्या छळविरोधी कायद्यात शाळेला एका शाळादिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि दहा शाळादिवसांत संपवावी लागते, त्याला वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय याच्याशी काही देणंघेणं नाही.

कोर्टाचा दरवाजा तर जून २०२५ मध्ये जरा जास्त उघडला. १२ जूनला सुप्रीम कोर्टाने मिनेसोटातल्या एका मुलीच्या केसमध्ये एकमताने निकाल दिला. तिला एपिलेप्सी, सकाळी झटके यायचे म्हणून ती संध्याकाळी शिकवा म्हणत होती, डिस्ट्रिक्टने नाही म्हटलं. तिथली खालची कोर्टं म्हणायची शाळेने मुद्दाम वाईट हेतूने किंवा अगदी ढळढळीत चूक केली हे दाखवा, तरच ५०४ चा दावा चालेल. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शाळेच्या मुलांसाठी वेगळी चढी पट्टी लावायचं कारण नाही, बाकीच्या अपंग लोकांना जी पट्टी तीच यांना. आपला सर्किट, म्हणजे फेडरल अपील कोर्टाचा विभाग, वेगळा, त्यामुळे तुमच्या केसवर किती परिणाम ते वकीलच सांगेल, पण शाळेच्या वकिलांनी तो निकाल नक्की वाचलेला असणार, मीटिंगमध्ये त्याचा नुसता उल्लेख झाला तरी खुर्च्या सरळ होतात.

म्हणजे क्रम असा ठेवा: शाळेला मीटिंगचं पत्र या आठवड्यात, केसवर्कचा फॉर्म पुढच्या आठवड्यात, सिनेटरला प्रश्नाचं पत्र जमलं तर. ग्रुपवरचं भांडण त्याच्या नंतर, वेळ उरला तर.

आणि एक, फॉर्म भरताना केस नंबर लागेल. जानेवारीच्या पत्रावर वर उजवीकडे वगैरे बघा, तुमचा ०२-२५ ने सुरू होत असेल. ०२ म्हणजे न्यूयॉर्क ऑफिस, २५ म्हणजे आर्थिक वर्ष, ते १ ऑक्टोबरला सुरू होतं म्हणून तुमची २०२४ मधली तक्रार २५ मध्ये मोजली गेली, आणि पुढच्या आकड्याची सुरुवात १ ने असेल तर शाळा, २ ने असेल तर कॉलेज. ऑफिस बंद झालं तरी नंबर तोच चालतो. तो नंबर इथे टाकू नका हं, फॉर्मवरच लिहा.